माझ्या नावाची बातमी

गुरुवारी सकाळी छापखान्याच्या दारात मी आमच्या साप्ताहिकाच्या अंकांचा गठ्ठा सोडला आणि पहिल्या पानावर माझं नाव वाचलं. खालची बातमी माझी नव्हती.

मी लिहिलं होतं, आमच्या आरानिसू गावच्या बायका जहाजांच्या परदेशी धक्क्यासाठी आपला प्रवाळ खणू देणार नाहीत. छापलं होतं, बायकांनी धक्क्याचं स्वागत केलं. स्वागताचं वाक्य माझ्या सख्ख्या मावशीच्या, एल्माच्या तोंडी घातलं होतं.

उभ्याउभ्या तीनदा वाचलं. आमचे संपादक जोनास फियुमाए. बातमी देणाऱ्याचं नाव सांगायला नकार देऊन महिनाभर तुरुंगात बसलेला माणूस. त्यांना हे ठाऊकच नसणार, असं वाटून मी त्यांच्या खोलीत गेले.

"सर, हे कुणी बदललं?"

"मी." त्यांनी मान वर केली नाही. "धक्का बांधणाऱ्यांच्या दूतावासातून मजकूर आला."

"आणि तुम्ही छापलात?"

"मशीन त्यांचं, कागद त्यांचा. कागद थांबला की अकरा घरांच्या चुली थांबतात. बस जरा."

"मावशीचं नाव तरी काढायचंत."

"नावाशिवाय कुणी विश्वास ठेवला असता?"

मी बसले नाही. शनिवारी राजधानी होनियाराहून गावाकडे जाणारी बोट मिळाली. तोवर अंक गावात पोचला होता. मावशीच्या दारातली तारोच्या कंदाची रोपं कुणीतरी मुळासकट उपटून टाकली होती. ती पायरीवर सुपारीला चुना लावत बसली होती.

"ये. जेवलीस?"

"मावशी, ते मी लिहिलेलं नाही."

"नाव तुझंच आहे की. लोकांनी मला वाचून दाखवलं. दोनदा."

"खरंच नाही गं."

"मग तुझं नाव काय रस्त्यात पडलं होतं, कुणीही उचलायला?"

रविवारी चर्चमध्ये मी वहीतला मूळ मजकूर वाचला. चर्चचे प्रमुख, म्हातारे तिमोती, शांतपणे म्हणाले, "छापलेलं खोटं आणि वहीतलं खरं, हे कशावरून मानायचं, पोरी?" बायका उठून गेल्या. जाताना मावशीकडे कुणी बघितलंही नाही.

मी फोनवरून राजीनामा कळवला आणि गावातच राहिले. पुढच्या शुक्रवारी तिमोती स्वतः अंगणात आले. हातात नवा अंक. पहिल्या पानावर पुन्हा मी. मंगळवारी होनियारात धक्क्याच्या समारंभाला मी म्हणे हजर होते, राजदूतांशी बोलले होते.

"मंगळवारी तर तू माझ्या बायकोबरोबर दिवसभर कसाव्याचे कंद किसत होतीस," ते म्हणाले.

मी नोकरी सोडली होती, त्यांनी मला सोडलं नव्हतं.

"कळलं आता?" मावशीने त्यांच्याकडे न बघता विचारलं.

तिमोतींनी अंकाची घडी घातली. मग खाली जमिनीवर बसले. "ती वही आण. सावकाश वाच. मी बायकांना बोलावतो."

महिन्याभरात खणायचं जहाज आलंच. बायका होड्या घेऊन आडव्या गेल्या, त्यांच्या मागच्या होडीत तिमोती होते. पोलिसांनी चौघींना नेलं. मावशी त्यांत होती. पोलिसांनी तिला होडीतून ओढलं तेव्हा मी बघत होते, वही हातात होती, पण एक अक्षर लिहिता आलं नाही. ते नंतर लिहिलं, हाताने, चार प्रतींत.

जहाज अजून खाडीच्या तोंडाशी उभं आहे. काम बंद आहे. तिघी सुटल्या. मावशीची कोर्टातली तारीख अजून लागलेली नाही.