दम पुरेल तेवढी गोष्ट

“मंग? राजकन्या पहाडावर चढली, मंग?” चरकीचा दांडा थांबवून पार्बताबाईनं वर पाहिलं.

वर, तुळईला टांगलेल्या उंच थैल्यात इनायतुल्ला उभा होता. खाली बायका चरक्या फिरवून कापसातून सरकी काढत; निघालेली रुई थैल्यात पडे आणि तो ती पायांनी तुडवून दाबत असे. थैल्याबाहेर त्याचं डोकं तेवढं दिसत होतं, तेही रुईच्या धुळीनं पांढरं. तो खोकत होता. खोकला थांबल्यावर म्हणाला, “बाकीचं उद्या, बाई. आज दम नाही राह्यला.”

“कालबी तुमी हेच म्हनलं, चाचा. सहा दिवस झाले, पोरगी पहाडावरच उभी हाय.”

बायका हसल्या. इनायतुल्ला हसला नाही.

तो अकोटकडचा पिंजारी. गावोगाव रजया पिंजताना गोष्टी सांगायचा. एका घरच्या साऱ्या रजया भरेपर्यंत एकच गोष्ट चाले, आणि ती संपली नाही तर घरधनीण मुद्दाम आणखी एक उशी उसवून पुढे टाकी. मग दूर कुठल्याशा मुलखात लढाई पेटली, विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा झाला, आणि गावात रजईत भरायला रुई उरेना. तो आणि त्याची बायको अकीला अमरावतीला या कापसाच्या आवारात आले. तीन हंगामांत रुई त्याच्या छातीत जाऊन बसली.

“लहान सांगत जा ना,” पार्बताबाई म्हणाली. “एका बसनीत संपन अशी.”

“लहान गोष्टी लेकरायच्या,” तो तुटकपणे म्हणाला.

पण घरी आल्यावर तो भिंतीला टेकून एक लहान गोष्ट पुटपुटत बसला. अकीला भाकरी थापत होती. ती ऐकत होती, हे त्याला ठाऊक होतं.

“हिले अकरा दम लागतेत,” तो म्हणाला. “माह्याजवळ नऊच हायेत.”

“मानसाचं नाव कायले सांगता? अन् त्याच्या घोड्याचं काय काम हाय? काढा दोन्ही.”

त्यानं काढून पाहिलं. गोष्ट नऊ दमांत बसली. एवढंच नाही, ती आधीपेक्षा बरी झाली. इतकी वर्षं राजांची नावं, घोड्यांचे रंग, मेजवान्यांतले पदार्थ तो ओतत आला होता. काढून टाकल्यानं गोष्ट वाढते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थैल्यातून त्यानं एकेका दमाला एकेक वाक्य सांगितलं.

“एक मानूस परदेशी निघाला. बायकोले म्हनला, येतो. तवापासून तिनं दार लावलं नाही. एका राती चोर आले. उघडं दार पाहून समजले, घरात कोनी जागं हाय, अन् परतले. असे बारा वर्सं परतले. तेराव्या वर्साले तो आला. दार उघडंच होतं. घरात कोनी नोतं.”

चरक्या थांबल्या. मुकादम महादेवराव ओरडत आला तेव्हा कुठे दांडे पुन्हा फिरू लागले.

“ती मेली,” पलीकडच्या चरकीवरची माणिकबाई हळूच म्हणाली.

“मेली काहून? गेली निंघून,” पार्बताबाई म्हणाली. “बारा वर्सं कोन बसते?”

दोघी चार दिवस भांडत होत्या. इनायतुल्ला वर रुई तुडवत ऐकत होता, आणि खोकला सोडून त्याला काही दुखत नव्हतं.

पौषात गोष्टी सात दमांवर आल्या. माघात पाचांवर. पाच दमांची गोष्ट जमवायला त्याला आठवडा लागे. मग एके सकाळी तो थैल्यात कोसळला. चौघांनी त्याला रुईतून उपसून काढलं.

“याच्यानं आता तुडवनं होत नाही,” मुकादम म्हणाला.

“नका तुडवू देऊ,” पार्बताबाई म्हणाली. “बसू द्या इथं. आमचे हात नाही थांबनार.”

मुकादमानं त्याला हाकललं नाही. अकीला रोज नवऱ्याला धरून आणी आणि बाभळीखाली बसवी. होळीच्या आठवड्यात त्यानं हात वर केला.

“एका पिंजाऱ्याले एक पोरगी होती,” तो म्हणाला.

आणि थांबला.

बायका वाट पाहत राहिल्या. त्यांना वाटलं, दम संपला. अकीला त्याच्या छातीला लागून बसली होती; आत अजून दोन-तीन दम होते, हे तिला कळत होतं. पटकीनं त्यांची पोरगी नेली त्याला अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत, तेवढ्या गोष्टींत, ही एक त्यानं कधी काढली नव्हती.

“मंग?” माणिकबाईनं विचारलं.

“झाली,” अकीला म्हणाली.

चार दिवसांनी तो गेला. महिन्याभरानं अकीला आवारात कामाला आली. मुकादमानं तिला पार्बताबाईशेजारची चरकी दिली. दुपारपर्यंत दोघींच्या चरक्या फिरत राहिल्या.

मग पार्बताबाईनं मान वर न करता विचारलं, “नाव काय होतं पोरीचं?”

“आबेदा,” अकीलानं सांगितलं, आणि कापसाची पुढची मूठ चरकीत धरली.