काजळी आणि लोहपंख

"माझा उजवा हात गेला, ताई. दिसत नाही का?"

"दिसतंय. डावा आहे ना?"

ताईने जाड कागद लावलेली पाटी भावाच्या मांडीवर ठेवली. नऊ वर्षांनी ती त्याच्या घरी आली होती, आणि पाणीसुद्धा न पिता कामाचं बोलत होती.

ताई ‘काजळी’ या कॉमिकची मुखपृष्ठं काढायची. सावलीतून प्रकट होणारी नायिका, ब्रशचे काळेभोर फटकारे. धाकटा भाऊ प्रतिस्पर्धी प्रकाशकाकडे होता. त्याचा पंखधारी नायक ‘लोहपंख’ बारीक निबाचा. पंखातलं पीस न् पीस मोजून घ्यावं. नव्या चित्रकारांतही दोन तट पडले, काळोखवाले आणि रेघवाले. पुढे दोन्ही कॉमिक्स बंद पडली. मग एका सत्काराच्या वेळी ताई भर सभेत बोलून गेली, "माझ्या भावाच्या चित्रात रेघा खंडीभर, माणूस औषधालाही नाही." लोक खो खो हसले. भाऊ पहिल्याच रांगेत बसला होता.

आता वाचनालयात जुन्या वाचकांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं: कधीच न निघालेल्या अंकांची मुखपृष्ठं. काजळी आणि लोहपंख एकाच चित्रात हवेतच, असा सगळ्यांचा हट्ट. भावाला अर्धांगवायूचा झटका आल्याचं कळल्यावर संयोजक ताईला म्हणाला, "दोघांनाही तुम्हीच काढा. त्यांची शैली तुम्हाला काय अवघड?"

तिने काढून पाहिलं. पंख हुबेहूब जमला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तो कागद फाडून ती इथे आली होती.

"त्या दिवशी वाईट बोलले मी," ती म्हणाली.

"आणि खोटं?"

"खोटंही. लोकांना हसवायला."

भावाने तिने आणलेला टाक डाव्या हाताने उचलून पाहिला. मग गुरकावला, "बारीक निब आण. हे काय दांडकं आणलंस?"

अकरा दिवस ती रोज सकाळी येत राहिली. रेघ भरकटायची, शाई गळायची. दोनदा त्याने टाक भिंतीवर भिरकावला. तिने उचलून, पुसून पुन्हा त्याच्या हातात दिला.

"वन्सं, नका हो छळू त्यांना," भावजय काकुळतीने म्हणाली.

"अजून चिडतोय ना? म्हणजे दम आहे."

शेवटी पंख झाला. थरथरता, वादळात सापडल्यासारखा.

"घरी नेऊन नीट कर तो."

"मी हात लावणार नाही," ताई म्हणाली, आणि उरलेल्या जागेत काजळी काढायला कागद घेऊन गेली.

प्रदर्शन तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. भावजयीने भावाला आणलं, पण तो खाली गाडीतच अडकला. ताईने सरळ भिंतीवरची त्यांच्या चित्राची चौकट उतरवली.

"अहो, उद्घाटन व्हायचंय! पाहुणे आलेत!" संयोजक धावला.

"त्यांना चहा द्या."

दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक पायरी मोजत ती खाली उतरली आणि चौकट भावाच्या मांडीवर ठेवली. काजळी त्या विस्कटलेल्या पंखाखाली उभी होती.

"काळं जास्त झालंय," भाऊ म्हणाला.

"झालंयच."

त्याने डाव्या हाताने चौकट घट्ट धरली. ती परत मागायचा धीर धावत खाली आलेल्या संयोजकालाही झाला नाही. थोड्या वेळाने पाहुणे जिना उतरून आले, मागोमाग वाचक आले, आणि गाडीच्या उघड्या दारापाशी गुपचूप रांग लागली.