गिटारमधला श्वास

फुप्फुसाच्या ऑपरेशनमधून उठल्यावर मामानं स्वतःच्या चाली रेकॉर्ड करायचं मनावर घेतलं. भाचीचाच स्टुडिओ, त्यामुळे दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. मामाला आपलं कसब दिसावं म्हणून तिनं कपाटातली सगळ्यांत तिखट कानाची कंडेन्सर माईकची जोडी काढली. एक लावला गिटारच्या मानेपाशी, दुसरा खाली लाकडी पोटाकडे. एकाचा आवाज डाव्या कानात, दुसऱ्याचा उजव्या. ऐकणाऱ्याला गिटार पुढ्यात वाजतेय असं वाटावं.

वाटलंही तसंच. पण बरोबर मधोमध मामाचा श्वासही बसला होता. घर्र... सूं... घर्र.

"हे काय वाजतंय?" स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे तिच्या शेजारी बसलेल्या भागीदारानं विचारलं.

"मामानं साथीला दमेकरी म्हैस आणलीय," ती म्हणाली आणि दोघंही खो खो हसले.

काचेपलीकडे मामानं हेडफोन जरा सारखा केला. "पुन्हा घेऊ या का गं?"

या खेपेला श्वासाचा मागमूस नव्हता. "वा! लख्ख येतंय," म्हणत तिनं टेबलावर हात टेकला आणि तिची नजर बटणावर गेली. मामाशी बोलायचं बटण. ते मघापासून दाबलेलंच राहिलं होतं.

 तिनं मान वर केली तर मामाचा चेहरा पांढराफटक, ओठ गच्च मिटलेले. तो श्वास कोंडून वाजवत होता.

"मामा, थांब!" ती दार ढकलून आत धावली.

मामा धापा टाकत म्हणाला, "आलं का स्वच्छ?"

"मामा, मघाशी मी जे बोलले..."

"म्हैस चालेल गं. रेडा म्हणाली असतीस, तर मामी भांडायला आली असती." तो हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तिनं पाणी आणून दिलं, पण त्याच्याकडे बघायचा धीर होईना. तो चिडला असता, तर सोपं गेलं असतं.

"माईक मीच चुकीचे निवडले," ती कशीबशी म्हणाली. "आणि वर तुलाच हसले."

भागीदारानं रिबन माईकची जोडी आणून दिली. हे माईक समोरचं आणि मागचं ऐकतात. वरच्या टोकाकडून येणारं त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. तिनं ते एकावर एक, एकाचं तोंड डावीकडे तिरकं, दुसऱ्याचं उजवीकडे तिरकं असे बसवले आणि टोकं मामाच्या तोंडाकडे कलती केली.

"आता पोटभर श्वास घे."

आवाज थोडा मऊ आला, पण श्वास ऐकू येईना आणि गिटार डावी-उजवीकडे छान पसरली. मामाही सैलावून वाजवत राहिला.

संध्याकाळी मामी न्यायला आली. "त्रास नाही ना झाला?"

"छे! भाचीनं अगदी जपलं," मामा म्हणाला.

मामीनं कौतुकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला सोसेना.

"नाही, मामी. मी त्याच्या श्वासाची टिंगल केली. त्यानं ती ऐकली आणि श्वास कोंडून वाजवलं."

मामीचा हात अलगद बाजूला झाला. तिनं गिटारची पेटी उचलली आणि ती जिना उतरू लागली.

मामा दारात रेंगाळला. "अजून काही चाली राहिल्यात. येऊ ना?"

 तिनं मान डोलावली.