खोकल्याला दाणे

"चुकचुकलं कोण?" दिग्दर्शक एवारिस्तो यांनी कॅमेरा थांबवून विचारलं.

एर्मेलिंडाने दातांतली टाचणी काढली. "मी, साहेब. चुकून."

ब्युनोस आयर्समधल्या त्या स्टुडिओत ती नटनट्यांचे कपडे शिवायची. तिचं माहेर ब्राझीलमध्ये, पेलोतासला. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती इथे आली, तेव्हा तिच्या बोलण्यातला पोर्तुगीज हेल ऐकून बाजारातल्या बायका नकला करायच्या. तेव्हापासून ती कामापुरतंच बोले. नवरा गेल्यावर तर तेही कमी झालं.

त्या महिन्यात एकच विनोदी बोलपट दोन भाषांत निघत होता. सकाळी स्पॅनिशमध्ये, आणि दुपारी त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर पोर्तुगीजमध्ये, रिओहून आलेल्या नटांना घेऊन. सकाळी दिवेवाले तोंडात रुमाल कोंबून हसू आवरत. दुपारी मात्र ब्राझीलच्या नटांनाही हसू येईना.

प्रसंग साधा होता. भाडेकरूने खोलीत कोंबडा लपवलाय आणि पहाटेची बांग म्हणजे आपला खोकला, असं तो सांगतो. त्यावर घरमालकीण झालेल्या रिओच्या जांदिराबाईंनी पुस्तकी पोर्तुगीजमध्ये म्हणायचं होतं, "महोदय, आपल्या कक्षात पक्षी असल्याचा मला संशय आहे."

"चुकलं काय त्यात?" एवारिस्तो यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

एर्मेलिंडाने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, की तिची आई खाणावळ चालवायची, वर दोन खोल्या भाड्याने द्यायची. असाच एक भाडेकरू तिथेही होता. आई त्याच्यावर कधी ओरडली नाही.

"मग काय म्हणाली?"

एर्मेलिंडाने हातातला झगा खुर्चीवर ठेवला, आणि बावीस वर्षांत प्रथमच चारचौघांत मोठ्याने आपल्या भाषेत बोलली, "काय रे बाळा, तुझ्या खोकल्याला आज दाणे टाकलेस का?"

भाडेकरूचं काम करणारा ओझोरियो हसत सुटला, तो भिंतीला टेकला. जांदिराबाईंनी डोळे पुसले. "पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या, "अगदी तस्संच."

पुढचे नऊ दिवस दुपारी एर्मेलिंडाची खुर्ची जांदिराबाईंच्या शेजारी असे; प्रत्येक वाक्य आधी ती म्हणून दाखवी.

पोर्तुगीज प्रत बोटीने ब्राझीलला जायची होती, ब्युनोस आयर्सला ती लागणार नव्हती. म्हणून पाठवण्याआधी एवारिस्तो यांनी सगळ्यांना स्टुडिओच्या छोट्या खोलीत बसवून ती दाखवली. जांदिराबाई पडद्यावर आल्या, भिंतीएवढ्या मोठ्या. त्यांनी पदर झटकावा तसा एप्रन झटकला, मान तिरपी केली आणि ते वाक्य म्हटलं. शब्द आईचे, ते म्हणण्याची ढबही आईचीच. जिला सही करता येत नव्हती, जी पेलोतासबाहेर कधी गेली नाही, ती आता गावोगावच्या पडद्यांवर बोलणार होती.

खोली हसण्याने भरून गेली. एर्मेलिंडा हसली नाही. वडीलधारं माणूस आत आल्यावर उठावं तशी ती खुर्चीतून उठली आणि तो प्रसंग संपेपर्यंत हात जुळवून उभी राहिली. मागच्या रांगेतलं कुणी तिला बस म्हणालं नाही.