पाळीवरचं पहिलं पान

वीरेंद्र सरांनी सव्वीस वर्षांत एकोणीस तलाव दुरुस्त करून घेतले, पण कुणाला किती गुण द्यायचे हे ठरवताना त्यांना जेवढा घाम फुटला तेवढा एकाही तलावावर फुटला नव्हता. फुटणार तरी कसा? तिथे घाम गाळायला दुसरी माणसं होती. सर झाडाखाली खुर्ची टाकून नकाशे बघायचे.

त्यांची संस्था अर्जुनी मोरगावची. जुन्या तलावांचा गाळ काढायचा, फुटक्या पाळी, म्हणजे तलावांचे बांध, नीट करून द्यायचे, हे तिचं काम. मार्च उजाडला तसा गोंदियाहून संचालक रश्मी मॅडमचा फोन आला. निधी देणाऱ्यांना आता प्रत्येक कर्मचाऱ्याचं प्रकल्पानुसार मूल्यमापन हवं होतं. धोरण सरांनी लिहायचं, शेवटच्या तीन प्रकल्पांवर लावून बघायचं, आणि साठच्या खाली जो येईल त्याचा करार एप्रिलपासून बंद; सूट फक्त नव्याने लागलेल्यांना, पहिली दोन वर्षं. प्रकल्पप्रमुख असलेले सरही त्यातून सुटणार नव्हते.

सरांनी चार दिवस खपून धोरण लिहिलं आणि मग गुण मांडले. त्यांचे स्वतःचे चौऱ्याऐंशी आले. तरुण भूपेंद्रचे अठ्ठ्याहत्तर. धनवंताबाईंचे सेहेचाळीस.

धनवंताबाई केशोरीकडच्या, बावीस वर्षांपासून संस्थेत. गावोगाव पायी फिरून लोकांना कामावर आणायचं काम त्यांचं. त्यांचे फोटो अंधारे यायचे, अहवाल महिनाभर उशिरा. शेवटच्या तलावावर तर गावाच्या दोन टोल्यांत, म्हणजे वस्त्यांत, पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून भांडण जुंपलं, तेव्हा बाईंनी अकरा दिवस काम थांबवून ठेवलं. सकाळी या टोलीत, संध्याकाळी त्या टोलीत जाऊन बसल्या. भांडण मिटलं ते कायमचं. तक्त्यात मात्र तेवढंच दिसत होतं की काम अकरा दिवस लांबलं.

बातमी लपत नाही. दुसऱ्याच दिवशी बाई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मला काढून राहिले का, असं सरळ विचारलं. सरांनी उत्तर द्यायच्या ऐवजी तक्ता पुढे सरकवला. बाईंनी बोट फिरवत सगळे रकाने वाचले.

"यात गाव तं कुठीच दिसून नाई राहिलं जी," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सरांना राग आला. गावाचा काय संबंध, असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी तीन प्रकल्पांचे कागद काढायला कपाट उघडलं, तर हाताला जुन्या फोटोंचं पाकीट लागलं. मग कागद राहिले बाजूला.

काय दिवस होते ते! तलावाचं काम संपलं की गाव पाळीवर जेवण घालायचं. पळसाच्या पत्रावळी, वाफाळता भात, गाळाच्या डबक्यात सापडलेल्या मासळीचा झणझणीत रस्सा. पहिलं पान वाढायचं ते सरपंचाला नाही, साहेबाला नाही. काम करणाऱ्यांतून गाव ज्याला निवडेल त्याला. आधी कुणाला सांगायचे नाहीत. वाढणारी बाई हातात पत्रावळ घेऊन पंगतीसमोरून चालत जायची, आणि ती कुठे थांबते याकडे सगळ्यांचे डोळे लागायचे. ती थांबली की अख्खी पाळ हसायची. तो वारा, ते हसणं सरांना आठवलं. ते दिवस त्यांना फार, फार हवेसे वाटले.

आणि मग खरं तेही आठवलं. प्रत्येक वेळी सर हात आधीच धुऊन, पाठ ताठ करून बसायचे. पत्रावळ दर वेळी त्यांच्यासमोरून पुढे जायची. बहुतेकदा ती धनवंताबाईंपाशी थांबायची. पंधरा तलावांवर हे सोसल्यावर त्यांनी एक परिपत्रक काढलं: जेवणात कामाचा एक दिवस वाया जातो, समारोप यापुढे कार्यालयात होईल. मॅडमनी कौतुक केलं होतं. त्यामागे काय ठसठसत होतं ते सरांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आज बाईंच्या त्या एका वाक्यानं त्यांची त्यांनाच लाज वाटली.

शनिवारी ते मोटरसायकल काढून तिन्ही गावांना गेले. प्रत्येक ठिकाणी पाणी समितीला एकच विचारलं: जेवण झालं असतं तर पहिलं पान कुणाला? पहिल्या दोन गावांत धनवंताबाईंचं नाव यायला वेळ लागला नाही. तिसऱ्या गावात समितीतल्या म्हाताऱ्या रुख्माबाईंनी आधी उलट विचारलं, की जेवण काऊन बंद केलं? मग त्यांनीही तेच नाव सांगितलं.

सरांना राहवलं नाही. "आणि माझं?"

"तुमी वाईट नाई जी," रुख्माबाई म्हणाल्या. "पण तुमाले आमी खुर्चीतच पायलं."

रविवारी सरांनी धोरण बदललं. आधीचे सगळे रकाने सत्तर गुणांत बसवले आणि तीस गुण गावांचे ठेवले. प्रत्येक गावाच्या हातात दहा, आणि ते एकाच माणसाला. नव्याने मांडल्यावर धनवंताबाईंचे बासष्ट झाले. भूपेंद्रचे पंचावन्न झाले, पण तो नुकताच लागलेला, त्याला पहिल्या दोन वर्षांची सूट होती. सरांचे एकोणसाठ झाले.

साठाला एकच गुण कमी. गावानं गुण वाटून द्यावेत, एवढं एक वाक्य घातलं असतं तरी काम भागत होतं. रुख्माबाईंनी वाईट नाही म्हटलंच होतं, एखादा गुण दिलाच असता. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. त्यांनी ते वाक्य लिहिलं, वाचलं, खोडलं. पान एकालाच मिळतं, ते फाडून वाटत नाहीत. मग सही करून कागद गोंदियाला पाठवले.

सोमवारी मॅडमचा फोन आला. त्या गोंधळल्या होत्या.

"सर, इसमें तो आप ही कट रहे हो. एक नंबर की तो बात है, कहीं से भी मिल जाएगा."

"सव्वीस वर्षं होती ना मॅडम मिळवायला," सर म्हणाले.