पप्पूदादाचा सेटअप

मी खुनशी आहे असं आमची आई म्हणते, आणि ते खरं आहे. लहानपणी एका पोरानं माझ्या कोकराला दगड मारला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या सायकलीच्या ट्यूबा ब्लेडनं चिरल्या. एक नाही, दोन्ही. त्यामुळे पप्पूनं माझ्या वाटेला जायला नको होतं.

माझं नाव धनश्री. वडवणीच्या अलीकडे आमची वस्ती आहे, वडील मेंढरं राखतात. मी बीडला आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा कोर्स केला, बॅचमध्ये पोरगी मी एकटीच. नोकरी मात्र मिळाली ती गेमिंगच्या दुकानात. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, तिच्यात चार सीटा, चार स्टिअरिंग, पायाशी खऱ्या गाडीसारखी पेडलं आणि समोर मोठे पडदे. पोरं येऊन तासभर सुपरकार पळवतात. तसली गाडी खरोखर नेकनूरच्या रस्त्यावर आणली तर पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट फाटेल. पडद्यावर मात्र ती तीनशेच्या वेगानं जाते.

या गेममध्ये गाडीचं सगळं बदलता येतं. टायरातली हवा, स्प्रिंगा, ब्रेक. असे तीसेक आकडे असतात, त्या सगळ्याला मिळून सेटअप म्हणतात. पोरं हवेला हात लावतात, ब्रेकला लावतात, पण डिफरन्शियलच्या वाटेला कुणी जात नाही, कारण ते कुणाला कळत नाही. मला कळतं. आयटीआयत मी जुन्या ट्रॅक्टरचा मागचा धुरा उघडून ती दातेरी चाकं ग्रीससकट हातात घेतली आहेत. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. डिफरन्शियल दोघांना आपापल्या चालीनं पळू देतं. लॉक वाढवलं की दोन्ही चाकं जोडीनंच फिरतात. चिखलात ट्रॅक्टरचं एक चाक नुसतं गरगरायला लागलं की ड्रायव्हर लॉकचं पेडल दाबतो, तेच हे. गेममध्ये त्याचे दोन आकडे असतात. एक रेस दिल्यावरचं लॉक आणि दुसरं रेस सोडल्यावरचं. सगळी मेख या दुसऱ्या आकड्यात आहे.

पप्पू म्हणजे वडवणीकडच्या मोहनरावांचा धाकटा. मोहनरावांची पाच गावांत शेती आणि जिल्ह्याच्या राजकारणात वजन. दोन वर्षांपूर्वी पप्पू दुकानात आला आणि दोन तास गाडी भिंतीवर आपटत बसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताय, ही गाडी कावून फिरायली गं सारखी?"

मी त्याच्या पायाकडे बघत उभी राहिले. रोग पायातच होता. हा गडी जोरात वळणात शिरायचा आणि मध्यावर आला की घाबरून एक्सलरेटरवरचा पाय झटकन उचलायचा. त्याच्या गाडीचं इंजिन मागच्या बाजूला. अशा गाडीत वळणात पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी पडतात आणि शेपूट पुढे यायला बघतं. मी त्याचा दुसरा आकडा वाढवून पंचावन्नवर नेला. आता पाय उचलला तरी मागची चाकं बांधलेली राहायची आणि गाडी सरळ चालायची. वळायला जरा सुस्त झाली, पण ते त्याला कुठून कळणार? माझ्या स्वतःच्या गाडीत तो आकडा दहा आहे. थोडक्यात, मी त्याच्या भित्र्या पायाला कुबडी दिली होती.

कुबडी घेऊन गडी पळायला लागला. बीडमधल्या पोरांना हरवलं, मग परभणीच्या, मग ऑनलाईन कुठकुठल्या. चॅनेल काढलं, नाव ठेवलं 'पप्पूदादा सेटअप किंग'. दर नव्या गाडीला माझ्याकडे यायचा, मी सेटअप करून त्याच्या नावावर सेव्ह करून द्यायची. आकडे तो कुणाला दाखवायचा नाही, म्हणायचा गुपित आहे. ते गुपित त्यालाही माहीत नव्हतं. कधीतरी माझं नाव घेईल या आशेवर मी वर्षभर गप्प बसले. आशा वेडी असते म्हणतात, माझी तर ठार वेडी होती.

मग एका दुपारी दुकानातच त्याचं लाईव्ह चालू होतं आणि मी मागं सीट पुसत होते. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी लिहिलं, "दादा, मागची ती पोरगी कोण? सेटअप तीच करती म्हणं?"

पप्पू खदखदून हसला. "ती व्हय? मेंढरामागं फिरणारी हाय ती. तिला डिफरन्शियल काय कळतंय बे? सीटा पुसायला ठेवली हाय तिला."

दोन हजार माणसं ते बघत होती. माझ्या हातात ओलं फडकं होतं. कान असे तापले की काही ऐकू येईना. तरी मी सीट पूर्ण पुसली.

वडवणीच्या आठवडी बाजारात कुणीतरी तो व्हिडिओ माझ्या वडिलांना मोबाईलवर दाखवला. संध्याकाळी वडील घरी आले, हातपाय धुतले आणि खाली बघून विचारलं, "खरं हाय का गं? तू तिथं सीटाच पुसती?" मी घरी सांगून ठेवलं होतं की मी गाड्या बनवते. त्या क्षणी मी ठरवलं. पप्पूनं माझं नाव घ्यायचं, माईकवर घ्यायचं आणि त्याच्याच माणसांसमोर घ्यायचं. दुसरं काही मला नको होतं.

संधी महिन्याभरात आली. मोहनरावांचा वाढदिवस होता, मांजरसुंब्याला मंगल कार्यालयात कार्यक्रम. रक्तदान, वह्यावाटप, जेवण, आणि यंदा खास आकर्षण म्हणून मोठ्या पडद्यावर गाड्यांची शर्यत. फाट्यावर बॅनर लागले. साहेबांचा फोटो मोठा, शेजारी गॉगल घातलेला पप्पू आणि त्याच्या डोक्यावर मुकुट.

पप्पू दुकानात आला. "धनश्रीताय, साहेबाचा वाढदिवस हाय. एकदम कडक गाडी पायजे."

"देते की," मी म्हणाले.

आणि मी त्याला माझी गाडी दिली. कसम खाऊन सांगते, काही बिघडवलं नाही. मी रोज चालवते ती, जशीच्या तशी. त्याच्या आणि माझ्या सेटअपमध्ये एकाच आकड्याचा फरक होता. पंचावन्नचे दहा केले आणि त्याच्या जुन्या सेटअपवरच सेव्ह केलं, म्हणजे मागं फिरायची वाट बंद. त्यानं दुकानात दोन चकरा मारल्या. बघायला कुणी नव्हतं, गडी निवांत होता, पाय उचलायची वेळच आली नाही. "लई भारी वळायली की ही!" म्हणत खुशीत निघून गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुकानाची यंत्रं मीच टेम्पोतून नेली आणि स्टेजवर जोडली. शर्यतीत चौघं होते. पप्पू, आणि ऑनलाईन चाचणीतून निवडलेले हनुमान, बंकट आणि सिदू. सूत्रसंचालन मोहनरावांचे खास कार्यकर्ते बद्रीनाथकाका करणार होते. शर्यतीआधी त्यांनी तिघांना स्टेजमागं नेलं. मी तिथंच वायरी लावत होते.

"पोरांनो, साहेबाचा वाढदिवस हाय," काका म्हणाले. "समजून घ्या. पप्पूदादाच्या म्होरं कुणी जायचं न्हाई."

हनुमान तिघांत सगळ्यात तेज. त्यानं मान खाली घालून "बरं काका" म्हटलं. नेत्याच्या पोराला हरवून आपल्याकडे कुणाचं भलं झालंय? म्हणजे पप्पूला हरवणारा माणूस मांडवात नव्हता. मला काळजी नव्हती. मी माणसावर भिस्त ठेवलीच नव्हती.

दुपारी चार वाजता शर्यत सुरू झाली. पाच चकरा. पुढच्या खुर्चीवर हार घातलेले मोहनराव, मागं पाचसहाशे लोक, कुणाच्या हातात बुंदीची प्लेट, कुणाच्या कडेवर पोर. पप्पू पुढं निघाला, शिट्ट्या पडल्या. सहावं वळण लांबलचक डावीकडे जातं, उतारावर, दोनशेच्या वेगात. मी पडद्याकडे नाही, पप्पूच्या उजव्या पायाकडे बघत होते. वळणाचा मध्य आला आणि पाय उचलला गेला.

लाल गाडी स्वतःभोवती दोनदा फिरली आणि तोंड उलटं करून उभी राहिली.

पुढं जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं, शपथ. मागून येणाऱ्या हनुमाननं करकचून ब्रेक मारला आणि तो थांबला. त्याच्या मागं बंकट थांबला, त्याच्या मागं सिदू. मंत्र्याचा ताफा जाईपर्यंत फाट्यावर गाड्या थांबवतात, तशा तीन सुपरकार भर ट्रॅकवर एका रांगेत शिस्तीत उभ्या राहिल्या. शर्यत थांबली. बद्रीनाथकाकांनी माईक तोंडाशी नेला. "आणि पप्पूदादा... जरा विचार करायलेत," ते माईकवर म्हणाले.

पहिलं हसू बायकांच्या बाजूनं आलं.

पप्पूनं गाडी सरळ केली, निघाला. तिघं अदबीनं मागं निघाले. दुसऱ्या चकरेला तेच वळण, तोच पाय, तीच गिरकी. पुन्हा तिघं थांबले. तिसऱ्या चकरेला सिदू हनुमानच्या पुढं आला होता. पप्पू फिरला तेव्हा सिदूचा ब्रेक उशिरा लागला आणि तो सरळ पप्पूच्या पुढं निघून गेला. मग त्या बिचाऱ्याला काकांचं बोलणं आठवलं असावं. त्यानं गाडी थांबवली, रिव्हर्स टाकला आणि उलटा येऊन पप्पूच्या मागं उभा राहिला.

मग मात्र मांडव फुटला. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसायला लागले. एका म्हाताऱ्याला ठसका लागला, त्याची पाठ चोळायला दोन माणसं लागली. पप्पू पाचही चकरा फिरला, पाचही वेळा गिरकी घेतली आणि पहिला आला.

हरला असता तर बरं झालं असतं. हरलेल्याला लोक विसरतात.

मोहनराव उठून स्टेजवर आले. हार गळ्यात तसाच. चषक टेबलावर होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. "काय बे हे?" ते लेकाला म्हणाले. काकांच्या हातातला माईक चालूच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

मी कडेला वायर गुंडाळत उभी होते. आमची आई म्हणते, मडकं चांगलं निघालं तर आपलं, फुटलं की कुंभाराचं. मी कुंभाराच्या पाळीची वाट बघत होते.

पप्पूनं काकांच्या हातून माईक ओढला. तोंड लालबुंद, घाम हनुवटीवर आलेला. "माझी चूक न्हाई! गाडी बिघडवली हिनं! ही धनश्री! सेटअप हिनंच केलाय. सगळे सेटअप हीच करती, विचारा पायजे तर!"

मांडव चिडीचूप झाला. आपण काय बोललो हे पप्पूला त्या शांततेत कळलं. त्यानं माईक खाली केला, पण आता उशीर झाला होता.

"सगळे?" मोहनरावांनी विचारलं. "मग तू काय करतो?"

मी पुढं झाले. "साहेब, बिघडली असंल तर माझ्याकडनं बी चालायची न्हाई. मी बसून दाखवते. तीच गाडी, तीच सीट."

मोहनरावांनी मान हलवली. मी बसले. सीट त्याच्या घामानं ओली होती. पहिली चक्कर सावकाश घेतली, दुसरीला सोडली. सहाव्या वळणात शिरताना मागचं वजन हलकं झालेलं मला पाठीतच जाणवल्यासारखं झालं. पाय होता तिथं ठेवला. गाडी जमिनीला चिकटून वळली आणि बाहेर पडली. पप्पूच्या सगळ्यात चांगल्या चकरेपेक्षा माझी वेळ एकवीस सेकंदांनी कमी होती. हनुमाननं टाळी वाजवली, मग दचकून काकांकडे बघितलं, आणि मग पुन्हा वाजवायला लागला. त्याच्यामागून सगळा मांडव.

"कुणाची गं तू?" मोहनरावांनी विचारलं.

"म्हाळूची. मेंढरं राखत्यात ते."

"पूर्ण नाव काय?"

सांगता आलं असतं. पण मी म्हणाले, "तुमच्या लेकाला माहीत हाय, साहेब. त्याला विचारा."

मोहनरावांनी पप्पूकडे बघितलं, पप्पूनं जमिनीकडे. "सांग," बाप म्हणाला.

"धनश्री."

"माईकवर सांग की बे. पूर्ण."

"धनश्री म्हाळू देवकाते," पप्पू माईकवर म्हणाला. आवाज स्पीकरमधून पार फाट्यापर्यंत गेला असेल. मी ते पुन्हा एकदा ऐकायला तयार होते.

मांडवातला हा सगळा प्रकार कुणीतरी मोबाईलवर घेतला होता, तो व्हिडिओ आता चार लाख लोकांनी बघितलाय. वडिलांनी तो बाजारात स्वतः फिरून दाखवला. ज्याला मोबाईलमध्ये दिसत नाही त्याला तोंडानं सांगितला.

आठवड्यानं पप्पू दुकानात आला. गॉगल नव्हता. "ताय, माझी जुनी गाडी दे ना. हिच्यात मला चालवायलाच येईना. काय बदललं ते तरी सांग."

"एकच आकडा बदललाय," मी म्हणाले. "तीसच तर हायत. बघा हुडकून."

तेव्हापासून तो रोज दुपारी कोपऱ्यातल्या सीटवर बसतो. हवा बदलतो, स्प्रिंगा बदलतो, ब्रेक बदलतो. वळणात शिरतो, पाय उचलतो, गिरकी घेतो, पुन्हा पहिल्यापासून. डिफरन्शियलचं पान उघडतो आणि काही न कळून बंद करतो. काल त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. खांदे हलत होते.

मला कीव आली, खोटं कशाला बोलू. सांगायला एकच शब्द पुरे होता. मी जिना उतरून खाली गेले, चहा घेऊन वर आले आणि माझ्या खुर्चीत बसून एकटीनं प्याले.