नेलिदाने लिहून दिलेली यादी

त्रेस लागुनास गावच्या मातीच्या ट्रॅकवर चिचेची निळी गाडी सलग चौथ्यांदा पहिली आली, तेव्हा रेडिओवाला चिचेकडे गेलाच नाही. तो सरळ डेल्फोर बियांकेत्तीकडे आला. गाडी चिचे हाकायचा, पण इंजिन डेल्फोरने बांधलेलं होतं, आणि चौऱ्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात गावोगाव त्या इंजिनाचीच चर्चा होती.

"उस्ताद, बाहेरून बघावं तर साधं कारखान्याचं सहा सिलिंडरचं इंजिन. मग इतरांच्या गाड्या मागे कशा पडतात? कुणी शिकवलं हे?"

भोंग्यांवरून प्रश्न सगळ्या मैदानात घुमला. डेल्फोरने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्याला कुंपणापाशी नेलिदा दिसली. नेलिदा उर्किसू. ती शर्यतीला कधी येत नसे. आज मात्र चांगला फुलाफुलांचा झगा घालून आली होती, हातात बेकरीतला सुतळीने बांधलेला गोड पावांचा खोका होता.

"शिकवणार कोण?" डेल्फोर म्हणाला. "रोज दुपारी सगळं गाव झोपतं तेव्हा मी विचार करत बसायचो. सुचत गेलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पुन्हा कुंपणाकडे पाहिलं, तर ती जागा रिकामी होती.

थोड्या वेळाने चिचेची बायको तो खोका घेऊन आली. "सेन्योरिता नेलिदाने दिलाय, सगळ्यांसाठी. थांबा म्हटलं तर म्हणाली, डोकं दुखतंय." डेल्फोरने एक पाव उचलला. मग तो तसाच परत खोक्यात ठेवला.

खरी गोष्ट अशी होती. नेलिदा बावीस वर्षं गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभी होती. लग्न केलेलं नव्हतं, गाडी चालवता येत नव्हती, पण कारखान्यांचे जाडजूड कॅटलॉग तिला पाठ होते. कुठल्या पिकअपचं बेअरिंग कुठल्या टॅक्सीला बसतं, हे ती पान न उघडता सांगायची. शर्यतीचा नियम असा की पार्ट कारखान्याचेच हवेत, लेथवर घडवलेलं काही चालणार नाही. मागच्या थंडीत डेल्फोर काउंटरवर कोपरं टेकून त्या नियमाला शिव्या घालत होता, तेव्हा ती हसली होती.

"अरे डेल्फोर, कारखान्यातले साहेब आळशी असतात. एकदा ब्लॉक ओतला की त्याच ब्लॉकातून तीन-तीन इंजिनं काढतात. तुझ्या मोटारीचं आणि त्या मोठ्या पिकअपचं इंजिन सख्खी भावंडं आहेत. पिस्टनला जास्त लांब ढकलणारा त्याचा क्रँक तुझ्यात बसेल."

"बसेल? आणि पिस्टन वर येऊन हेडला धडकेल त्याचं काय?"

"म्हणून पिस्टनही त्याचेच घ्यायचे. त्यांची पिन वरच्या अंगाला असते, म्हणजे माथा खालीच राहतो. आणि हेड सगळ्यात धाकट्या इंजिनाचं, त्याची पोकळी लहान. दाब वाढेल की नाही?"

तिने पुडक्यांच्या तपकिरी कागदाचा तुकडा फाडला आणि पेन्सिलीने पाच ओळी लिहून दिल्या, प्रत्येक ओळीपुढे पार्टचा नंबर. क्रँक, पिस्टन, हेड, त्याचं गॅस्केट आणि पाचवी ओळ, पिकअपची पुढची जड पुली.

पहिले चार नग त्याने बसवले. पाचवा हातात घेतला, वजन पाहिलं आणि बाजूला ठेवला. एवढं लोखंड कशाला फिरवायचं? काउंटरवरच्या बाईला शर्यतीतलं काय कळतंय, असं तो तेव्हा स्वतःशी म्हणाला होता. जुनी हलकी पुलीच त्याने परत चढवली.

शर्यतीनंतरच्या मंगळवारी त्याला एक ऑइल सील हवं होतं. तो दुकानापुढून दोनदा नुसताच गेला, मग आत शिरला.

"बोला, सेन्योर बियांकेत्ती," नेलिदा म्हणाली. "काय देऊ?"

आजवर ती त्याला अरे-तुरे करायची. डेल्फोरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने सील मागितलं, तिने दिलं, बिल फाडलं. रेडिओवर तसं बोलायला नको होतं, एवढं एक वाक्य त्याने वाटेत घोकलं होतं. ते तोंडातच राहिलं. बाहेर आल्यावर त्याने स्वतःला समजावलं, पुढच्या वेळी सांगू.

पुढची वेळ आली ती अशी. पाचव्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, लांब सरळ रस्त्यावर चिचेच्या गाडीतून तोफेसारखा आवाज झाला. सगळं तेल मागच्या चाकांखाली सांडलं, गाडी गरगर फिरली आणि कुंपण तोडून गव्हाच्या शेतात आडवी झाली. चिचे वाचला, पण गळ्याखालचं हाड मोडलं.

दवाखान्यात पट्ट्यांत गुंडाळलेल्या चिचेने विचारलं, "काय झालं रे उस्ताद?"

"नशीब," डेल्फोर म्हणाला. "लोखंडाचा काय भरवसा?"

चिचेने मान डोलावली. या माणसावर त्याचा एवढा विश्वास, की दुसरा प्रश्नच त्याने विचारला नाही. डेल्फोर तिथून निघाला तो खाली मान घालूनच.

इंजिन उघडल्यावर क्रँकचे दोन तुकडे हातात आले. तुटलेला भाग गोणपाटात गुंडाळून तो दुकानात गेला. शनिवारची सकाळ, काउंटरवर गर्दी. नेलिदाने गोणपाट सोडलं, चष्मा लावला, तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"पुढची पुली कुठली घातली होती?"

"जुनीच."

"का?"

डेल्फोरला वाटलं, पार्ट मिळाला नाही म्हणावं. पण पार्ट तिनेच तर विकला होता. मागे सात-आठ माणसं उभी होती. एक जण माते नावाचा कडू चहा पिता पिता थांबला होता.

"तुम्ही लिहून दिली होती," तो म्हणाला. "मीच घातली नाही. जड वाटली."

"एवढा लांब क्रँक पीळ खातो. ती जड पुली तोच पीळ मारायला असते."

"कसली पुली? काय लिहून दिलं होतं?" मागून दूधवाल्या ओस्मारने विचारलं.

मग डेल्फोरने सांगितलं. इंजिन कसं जुळवायचं ते सगळं हिने सांगितलं होतं, आणि मी रेडिओवर खोटं बोललो. सांगताना तो काउंटरच्या लाकडाकडे बघत होता. "वा रे उस्ताद!" असं कुणीतरी पुटपुटलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही.

वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचा भार उतरेल. नेलिदाचा चेहरा मात्र जराही निवळला नाही.

"चिचेला सांगितलंत?"

"नाही."

"मग इथे माझ्यासमोर कशाला? आधी तिकडे जा."

तो गेला. चिचे अंगणात वेताच्या खुर्चीत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. रागावेल, ओरडेल, अशी डेल्फोरची तयारी होती. चिचेने मात्र विचारलं, "त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"संशय होता."

"हं." एवढंच. आतून बायको बाहेर आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि डेल्फोरला बस म्हणाली नाही. तो उभ्याउभ्याच परत फिरला.

हाड सांधल्यावर चिचेने गाडी विकली आणि भावाबरोबर धान्याचे ट्रक चालवायला लागला. नव्या मालकाला इंजिन पुन्हा तसंच हवं होतं, पण त्याची अट होती की सेन्योरिता नेलिदा स्वतः जुळणी बघेल. ती शनिवारी दुपारी डेल्फोरच्या गॅरेजमध्ये येऊ लागली. स्टुलावर बसायची, चष्म्यातून प्रत्येक नंबर तपासायची, मग नग डेल्फोरच्या पुढ्यात ठेवायची. कामापुरतंच बोलायची. तो हो म्हणायचा आणि सांगितलेलं करायचा.

बेअरिंगं बसवायच्या दिवशी त्याने हात पुढे केला, तर तिने बेअरिंगांची डबी मागे घेतली.

"हात धुऊन या."

वीस वर्षांत कुणी त्याला असं सांगितलं नव्हतं. त्याने हातांकडे पाहिलं. खरंच काळे होते. तो मोरीशी गेला, साबण घेतला आणि नखं, कोपरं, बोटांच्या बेचक्या घासत राहिला. ती मागे बसलेली होती, त्याची वाट बघत. वळून तिच्यासमोर जायला त्याला बराच वेळ लागला.